प्रकाशीय तबकडीवरील नाट्यमुद्रणांचे जतन : पाठचिकित्सेच्या दृष्टीने एक समीक्षा

सारांश

१९९० च्या दशकाच्या अखेरीपासून साधारणतः २०१० पर्यंत मराठी रंगभूमीवरील प्रयोगांची दृश्यमुद्रणे मोठ्या प्रमाणावर व्हीसीडी व डीव्हीडी या प्रकाशीय तबकड्यांवर साठवली गेली. महाविद्यालये, ग्रंथालये आणि नाट्यसंस्था यांच्या संग्रहांत ती आजही आहेत. परंतु 'सीडी काढून ठेवली म्हणजे जतन झाले' हा समज तपासून पाहिला गेलेला नाही. प्रस्तुत निबंधात या समजाची चिकित्सा केली आहे. त्यासाठी फ्रेड बायर्स (२००३) व केविन ब्रॅडली (२००६) यांच्या दोन मार्गदर्शिकांचे समीक्षण करून, तबकडीवरील मुद्रण हा एक 'पाठ' आहे व त्याच्या जतनाला पाठचिकित्सेचे नियम लागू होतात, अशी मांडणी केली आहे.

बीजसंज्ञा : प्रकाशीय तबकडी, व्हीसीडी, डीव्हीडी, दृश्यमुद्रण, पाठचिकित्सा, दशावतार, अभिलेखागार.

१. प्रस्तावना

नाटकाची संहिता छापली जाते, प्रयोग मात्र पडद्याबरोबर संपतो. नाट्यसमीक्षेची ही जुनी अडचण दृश्यमुद्रणाने काही अंशी दूर केली. व्हिडिओ फितीचा काळ सरून तबकडी आली तेव्हा ती स्वस्त होती, कपाटात मावत होती आणि फितीप्रमाणे ओढली-गुंतली जात नव्हती. त्यामुळे व्यावसायिक नाटकांच्या व्हीसीडी बाजारात आल्या. एकांकिका स्पर्धा, स्नेहसंमेलने, लोककलांचे क्षेत्रीय अभ्यास यांची मुद्रणेही तबकडीवर उतरवून ग्रंथालयांत जमा करण्यात आली. दाखलपुस्तकात नोंद झाली, तबकडीला क्रमांक मिळाला आणि जतनाचा विषय संपला असे सर्वांनीच मानले.

प्रस्तुत लेखकाला या विषयाकडे वळावे लागले ते एका दशावतारी प्रयोगाच्या मुद्रणामुळे. एका महाविद्यालयीन संग्रहात रात्रभर चाललेल्या प्रयोगाच्या दोन डीव्हीडी होत्या. पहिलीवर पूर्वरंग होता : गणपती, रिद्धी-सिद्धी, संकासुर. ती चालली. आख्यान असलेली दुसरी तबकडी कोणत्याही प्लेअरमध्ये उघडेना. मुद्रण करणाऱ्याने रेकॉर्डरमध्ये ती 'फायनलाइज' केलीच नव्हती, शिवाय वरच्या बाजूस कागदी लेबल चिकटवून त्यावर बॉलपेनने नाव लिहिले होते. संगणकावरून तबकडीचा प्रत्येक खंड स्वतंत्रपणे वाचण्याचा प्रयत्न केल्यावर आख्यानाचा बराचसा भाग हाती आला. शेवट मिळाला नाही. आख्यानातील मुख्य भूमिका करणारे कलावंत आज हयात नाहीत.

येथे केवळ एक आठवण हरवली असे म्हणून भागत नाही. दशावतारात आख्यानाची रूपरेषा ठरलेली असली तरी संवाद उत्स्फूर्त असतात. त्यांना लिखित संहिता नसते. छापील नाटकाची तबकडी बिघडली तर प्रयोग जातो, संहिता उरते. दशावताराची तबकडी बिघडली तर प्रयोग आणि संहिता दोन्ही एकदम जातात. म्हणून तबकडीच्या जतनाचा प्रश्न हा केवळ ग्रंथपालाचा वा तंत्रज्ञाचा प्रश्न नसून तो साहित्य व नाट्य यांच्या अभ्यासकाचाही प्रश्न आहे, ही या निबंधाची भूमिका आहे.

२. तबकडीचे स्वरूप व नाशाची रीत

तबकडी नष्ट कशी होते हे समजण्यासाठी तिची रचना थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. सीडी ही १.२ मिलिमीटर जाडीच्या पॉलिकार्बोनेटची असते. मुद्रित माहितीचा व परावर्तक धातूचा थर तिच्या खालच्या बाजूस, म्हणजे आपण जपतो त्या चकचकीत बाजूस नसून, वर लेबलाच्या बाजूस लाखेच्या पातळ आवरणाखाली असतो. त्यामुळे सीडीला अधिक धोका वरून पोहोचतो. टोकदार पेन, द्रावकयुक्त शाई, चिकटलेबलाचा डिंक यांपैकी काहीही त्या थरापर्यंत जाऊ शकते. डीव्हीडीत ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात व माहितीचा थर मध्ये असतो. तो वरच्या ओरखड्यांपासून सुरक्षित असला तरी चकत्यांमधील सांधा सुटल्यास किंवा कडेने दमट हवा शिरल्यास तबकडी निकामी होते.

कारखान्यात छापलेली तबकडी व घरी लिहिलेली तबकडी यांतील भेद याहून महत्त्वाचा आहे. बाजारातील नाटकाच्या व्हीसीडीवर खाचा साच्याने उमटवलेल्या असतात आणि परावर्तक थर सहसा ॲल्युमिनियमचा असतो. महाविद्यालयाने स्वतः लिहिलेल्या सीडी-आर वा डीव्हीडी-आरवर खाचा नसतात. लेसरच्या उष्णतेने सायनिन, फ्थॅलोसायनिन किंवा ॲझो जातीच्या रंगद्रव्यावर खुणा झालेल्या असतात. हे रंगद्रव्य प्रकाशाने व उष्णतेने हळूहळू बदलते. परावर्तक थर चांदीचा असेल तर हवेतील गंधकयुक्त वायूंनी तो काळवंडू शकतो. सोन्याचा थर तसा काळवंडत नाही, परंतु तशा तबकड्या महाग असल्याने आपल्याकडील संग्रहांत त्या क्वचितच दिसतात. छापील तबकडीही अमर नाही. १९८८ ते १९९३ या काळात इंग्लंडमधील ब्लॅकबर्न येथील एका कारखान्यात तयार झालेल्या असंख्य ध्वनी-सीडी पुढे तांबूस पडून निकामी झाल्या, हे उदाहरण सर्वश्रुत आहे.

यापेक्षाही अभ्यासकाने ध्यानात घ्यावी अशी बाब म्हणजे नाशाची रीत. फीत खराब होते तेव्हा चित्रात रेघा येतात, आवाज घोगरा होतो. ती आपली जीर्णता आपण होऊन सांगते. तबकडी तसे करत नाही. तिच्यावरील माहितीसोबत दोषसुधारणेची जादा माहिती लिहिलेली असते. रंगद्रव्य फिकट होत गेले, चुका वाढत गेल्या, तरी वाचणारे यंत्र त्या भरून काढते व पडद्यावर चित्र निर्दोषच दिसते. सीडीच्या मानकात दर सेकंदास २२० सदोष खंड आणि डीव्हीडीच्या मानकात सलग आठ खंडांमागे २८० दोष ही वरची मर्यादा मानली आहे. ती ओलांडल्यानंतरही काही काळ तबकडी चालत राहू शकते आणि मग एके दिवशी एका विशिष्ट मिनिटाला थांबते. 'परवापर्यंत चालत होती' हे तबकडीविषयी सर्वत्र ऐकू येणारे वाक्य तंत्रदृष्ट्या अचूक आहे. म्हणूनच 'चालवून पाहिली, चालते' ही तपासणी जतनाच्या दृष्टीने अपुरी ठरते.

व्हीसीडीच्या बाबतीत हा धोका आणखी वाढतो. साध्या डेटा-सीडीवर २३५२ बाइट्सच्या प्रत्येक खंडात २०४८ बाइट्स आशय असतो व उरलेल्या जागेचा मोठा भाग दोषसुधारणेच्या जादा स्तराला दिलेला असतो. व्हीसीडीवरील दृश्यखंडात २३२४ बाइट्स आशयासाठी वापरले जातात. हा जादा स्तर तेथे नसतो. पाऊण-एक तासाचे चित्र एका सीडीवर बसवण्यासाठी केलेली ही तडजोड होती. म्हणजे मराठी नाटके ज्या स्वरूपात घरोघरी पोहोचली, तेच स्वरूप मुळात कमी संरक्षणाचे होते.

३. दोन मार्गदर्शिकांची चिकित्सा

या विषयावरील दोन दस्तऐवज पायाभूत मानले जातात. पहिला, अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेसाठी फ्रेड बायर्स यांनी ग्रंथपाल व अभिलेखपाल यांच्याकरिता लिहिलेली सीडी-डीव्हीडी हाताळणीची मार्गदर्शिका (२००३). दुसरा, युनेस्कोच्या 'जागतिक स्मृती' कार्यक्रमासाठी केविन ब्रॅडली यांनी अभिलेखागारांतील लिहिता येणाऱ्या तबकड्यांच्या जोखमीविषयी केलेला अभ्यास (२००६).

बायर्स यांच्या मार्गदर्शिकेचे सामर्थ्य तिच्या नेमकेपणात आहे. तबकडी कडेने व मधल्या छिद्राने धरावी, उभी ठेवावी, मधून कडेकडे सरळ रेषेत पुसावी, गोलाकार पुसू नये, चिकटलेबल लावू नये, पाण्यात विरघळणाऱ्या शाईच्या मऊ टोकाच्या पेनने लिहावे, या सूचना आजही जशाच्या तशा उपयोगी आहेत. परंतु आयुर्मानाविषयीचे तिचे विधान सावधपणे वाचले पाहिजे. चाचण्या केलेल्या उत्पादकांच्या मते सीडी-आर व डीव्हीडी-आर यांचे आयुष्य १०० ते २०० वर्षे वा त्याहून अधिक असावे, असे ती नोंदवते. पुढील काळात हा आकडा सर्वत्र उद्धृत झाला. त्याच्यासोबतची अट मात्र गळाली. ती अट होती शिफारस केलेल्या साठवणस्थितीची, म्हणजे ४ ते २० अंश सेल्सिअस तापमान आणि २० ते ५० टक्के सापेक्ष आर्द्रता.

ही अट कोकणातल्या वा मुंबईतल्या ग्रंथालयाला लावून पाहावी. जून ते सप्टेंबर या काळात तेथील हवा ५० टक्क्यांच्या कितीतरी वर दमट असते आणि वातानुकूलन असले तरी ते कार्यालयीन वेळेपुरते चालते. तापमान व आर्द्रता दररोज चढणे-उतरणे हे तर स्थिर उष्णतेहूनही घातक. शतकाचे आश्वासन ज्या हवेत दिले गेले ती हवाच आपल्याकडे नाही. तेव्हा बायर्स चुकले असे नव्हे. आपण त्यांचे अर्धे वाक्य वाचले. शिवाय त्वरित-जीर्णन चाचण्या रिकाम्या कोठडीतील उष्णता व आर्द्रता यांवर आधारलेल्या असतात. स्वस्त तबकडी, जुना रेकॉर्डर, अतिवेगाने केलेले लेखन यांमुळे पहिल्याच दिवशी जी तबकडी मर्यादेच्या काठावर असते, तिच्याविषयी अशा चाचण्या काही सांगत नाहीत.

ब्रॅडली यांची भूमिका नेमकी येथून सुरू होते. तबकडी किती वर्षे टिकेल हा प्रश्न बाजूला ठेवून ते विचारतात की ती आज कोणत्या स्थितीत आहे हे आपल्याला मोजता येते काय. लिहिलेली प्रत्येक तबकडी विश्वसनीय चाचणीयंत्रावर तपासली, ठरावीक काळाने पुन्हा तपासली आणि दोष वाढताच आशय नव्या माध्यमावर नेला, तरच तबकडीवर विसंबता येईल. अन्यथा आशय गमावण्याची तयारी ठेवावी, असा त्यांच्या विवेचनाचा रोख आहे. हे विवेचन अधिक प्रामाणिक आहे. परंतु त्यातील चाचणीव्यवस्था आपल्या महाविद्यालयांच्या आवाक्याबाहेरची आहे, कारण व्यावसायिक चाचणीयंत्र संपूर्ण संग्रहाहून महाग असते. स्वतः ब्रॅडली यांनीही हा खर्च विचारात घेऊन हार्ड डिस्क व डेटा-टेप या पर्यायांचा विचार मांडला होता. त्यांच्या अभ्यासाचा हा दुसरा भाग आपल्याकडे दुर्लक्षित राहिला. आज मात्र तोच अधिक व्यवहार्य आहे.

दोन्ही मार्गदर्शिकांची एक समान मर्यादा आहे व ती समीक्षकालाच जाणवू शकते. दोन्ही 'माहिती'विषयी बोलतात. ती माहिती कशाची आहे याविषयी नाही. बँकेचा हिशेब व दशावताराचे आख्यान यांत त्या भेद करत नाहीत. तंत्रज्ञाच्या दृष्टीने ते योग्यही आहे. परंतु तबकडीवरून आशय दुसरीकडे न्यायचा म्हणजे नेमके काय न्यायचे, काय सोडले तर चालेल आणि काय सोडल्यास मूळचे मूळ राहणार नाही, या प्रश्नाचे उत्तर केवळ माहितीच्या परिभाषेत मिळत नाही. त्यासाठी 'पाठ' ही संकल्पना हवी.

४. 'प्रत' आणि 'पाठ'

पाठाच्या जतनाची एक समृद्ध परंपरा मराठीला आहे. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या ज्ञानेश्वरीच्या प्रतींत तीन शतकांत अपपाठ शिरले, म्हणून शके १५०६ मध्ये एकनाथांनी तिची शुद्ध प्रत तयार केली आणि पुढे कोणी तीत आपली ओवी घालू नये असे बजावले. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ मध्ये सुरू झालेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य १९६६ मध्ये पूर्ण झाले. या परंपरेने आपल्याला दोन गोष्टी शिकवल्या. एक, पोथी टिकते ती तिचा कागद टिकतो म्हणून नव्हे, तर ती पुन्हा पुन्हा उतरवली जाते म्हणून. दोन, प्रत्येक उताऱ्यात पाठ बदलण्याची शक्यता असते, म्हणून कोणती प्रत कशावरून झाली याची नोंद हवी.

तबकडीच्या बाबतीत हे दोन्ही नियम अक्षरशः लागू पडतात. तबकडी ही पोथीचा कागद आहे, तीवरील अंकीय प्रवाह हा पाठ आहे. पोथीच्या तुलनेत येथे एक मोठी सोय आहे : अंकीय पाठ एका अक्षराचाही फरक न होता उतरवता येतो आणि तसा तो उतरला की नाही हे चेकसमच्या साहाय्याने पडताळता येते. एकनाथांच्या काळातील लेखनिकाला ही सोय नव्हती. तरीही आपण ती वापरत नाही. आपल्याकडे 'सीडी कॉम्प्युटरवर घेतली' याचा अर्थ सहसा तिचे रूपांतर केले असा असतो, आणि रूपांतर म्हणजे पाठभेद.

उदाहरणादाखल व्हीसीडी घ्यावी. तिच्यातील '.डॅट' फाइल संगणकावर ओढून घेतली की काम झाले असे मानले जाते. परंतु प्रवेशांच्या सूचीची व निवडपटाची माहिती तबकडीवर वेगळ्या फाइलींत असते. ती मागे राहते. शिवाय दृश्यखंडांची रचना वेगळी असल्याने नेहमीची आयएसओ प्रतिमाही व्हीसीडीला पुरेशी पडत नाही. प्रत्येक खंडाचे पूर्ण २३५२ बाइट्स घेणारी 'बिन' व 'क्यू' ही जोडी करावी लागते. डीव्हीडीच्या बाबतीत आयएसओ प्रतिमा योग्य ठरते, कारण 'व्हीओबी' या दृश्यफाइली व त्यांचा क्रम सांगणाऱ्या 'आयएफओ' फाइली एकत्र राहतात. केवळ व्हीओबी उचलल्या तर नाटकाचे अंक आहेत, पण त्यांचा क्रम व मर्यादा सांगणारे पान फाटले आहे, अशी स्थिती होते.

याहून गंभीर पाठभेद होतो तो लहान एमपी-४ फाइल करताना. डीव्हीडीवरील आपल्याकडील मुद्रण ७२० गुणिले ५७६ बिंदूंचे व बहुधा सांतरित असते, म्हणजे सेकंदाला २५ पूर्ण चौकटींऐवजी ५० अर्ध्या चौकटी टिपलेल्या असतात. रूपांतर करणारी सॉफ्टवेअरे सामान्यतः त्यांतून २५ चौकटी तयार करतात. डोळ्याला फरक जाणवत नाही, परंतु हालचालीचे निम्मे क्षण कायमचे वगळले जातात. दशावतारातील युद्धनृत्याच्या गिरक्या किंवा लावणीतील पदन्यास यांचा अभ्यास करणाऱ्याला तोच निम्मा भाग हवा असतो. रंगमंचावरील अंधाऱ्या प्रवेशांत पुनर्संकोचनामुळे चौकोनी डाग उमटतात आणि प्रकाशयोजनाकाराची छटा नाहीशी होते. बिंदूंचे लांबी-रुंदीचे प्रमाण चुकले तर नट आहे त्याहून रुंद वा अरुंद दिसतो. पाठचिकित्सेच्या भाषेत हे सर्व लेखनिकाचे दोष आहेत. फरक इतकाच की येथील लेखनिक यंत्र आहे आणि तो पुष्पिकेत आपले नाव लिहीत नाही.

दुसऱ्या टोकाची चूकही टाळली पाहिजे. दृश्यफितींच्या अंकीकरणासाठी एफएफव्ही-१ यासारखे हानिरहित स्वरूप आज मान्यता पावले आहे. त्याचे तांत्रिक वर्णन २०२१ मध्ये प्रसिद्धही झाले. म्हणून काही ठिकाणी डीव्हीडीवरील मुद्रणही त्यात रूपांतरित करण्याचा आग्रह धरला जातो. परंतु डीव्हीडीवरील चित्र आधीच एमपेग-२ मध्ये संकोचित झालेले असते. त्या संकोचनात गेलेला भाग नव्या स्वरूपाने परत येत नाही, फाइल मात्र अनेकपट फुगते. मूळ प्रवाह जसाच्या तसा ठेवणे हीच येथे पाठनिष्ठा होय.

५. समीक्षकाचे दायित्व

वरील विवेचन मान्य केल्यास नाट्यसमीक्षेच्या प्रचलित व्यवहारावरही एक आक्षेप घ्यावा लागतो. अलीकडील अनेक प्रबंधांत व लेखांत प्रयोगाविषयीची विधाने मुद्रण पाहून केलेली असतात. छापील संहिता वापरताना आपण आवृत्ती व पृष्ठ नोंदवतो. मुद्रण वापरताना ते व्हीसीडीवर पाहिले, डीव्हीडीवर पाहिले की तिसऱ्या पिढीच्या रूपांतरात पाहिले, हे सांगत नाही. व्हीसीडीवरील चित्र अवघे ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे असते. पूर्ण रंगमंच दाखवणाऱ्या दृश्यात नटाचा चेहरा त्यातल्या काही मोजक्या बिंदूंत सामावतो. अशा मुद्रणावरून 'नटाचा मुद्राभिनय सपाट वाटतो' असा अभिप्राय दिला जातो तेव्हा सपाट कोण होते, नट की तबकडी, हा प्रश्न विचारणे भाग आहे.

एका संस्थेच्या दूरदृष्टीने काय साधते याचे उदाहरण मराठी नाटकाच्याच संदर्भात आहे. विजय तेंडुलकरांच्या, १९७२ मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'घाशीराम कोतवाल'वर आधारित चित्रपट १९७६ मध्ये तयार झाला. तो दीर्घकाळ दुर्मीळ होता. बर्लिनच्या आर्सेनाल या संस्थेच्या संग्रहातील प्रतीमुळे तो पुन्हा अभ्यासकांसमोर आला. सेल्युलॉइडची ती प्रत चार दशके दुसऱ्या देशातल्या मांडणीवर स्वस्थ राहून वाचली. लिहिलेल्या डीव्हीडीला असे स्वस्थ राहणे परवडणारे नाही. चित्रपटाचे रीळ दुर्लक्ष काही काळ सहन करते. तबकडी ते करत नाही.

६. कायद्याची मर्यादा

प्रत करण्याच्या मार्गातील आणखी एक अडचण कायद्याची आहे. भारतीय कॉपीराइट कायदा १९५७ मध्ये २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने कलम ५२(१)(एन) अन्वये बिगरव्यावसायिक सार्वजनिक ग्रंथालयाला जतनासाठी कृती इलेक्ट्रॉनिक माध्यमात साठवण्याची मुभा दिली. परंतु अट अशी की ग्रंथालयाकडे त्या कृतीची अंकीय नसलेली प्रत आधीपासून असावी. डीव्हीडी ही मुळातच अंकीय प्रत. म्हणजे शब्दशः वाचल्यास छापील पुस्तकाला वा व्हिडिओ फितीला मिळणारे संरक्षण, अधिक लवकर नष्ट होणाऱ्या तबकडीला मिळत नाही. दुर्मीळ कृतीच्या तीन प्रती करण्याची सवलत देणारे पुढील उपकलमही पुस्तक, नकाशा, संगीतलिपी अशा कृतींपुरतेच आहे. महाविद्यालयीन ग्रंथालय 'सार्वजनिक' ठरते काय, हा प्रश्न वेगळाच. त्याच दुरुस्तीने आलेले कलम ६५ए हक्कभंगाच्या हेतूने तांत्रिक संरक्षण भेदणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा अपराध ठरवते. कायद्याने स्पष्टपणे न रोखलेल्या प्रयोजनाला त्यात अपवाद असला, तरी व्यावसायिक डीव्हीडीवरील सीएसएस कुलूप जतनासाठी उघडण्यास प्राचार्य सहजासहजी अनुमती देणार नाहीत.

तथापि येथे एक महत्त्वाचा भेद लक्षात घेतला पाहिजे. व्यावसायिक नाटकाच्या तबकडीच्या हजारो प्रती निघालेल्या असतात. एक बिघडली तरी अन्य साक्षीप्रती शोधता येतात. याउलट संस्थेने स्वतः केलेल्या क्षेत्रीय मुद्रणाची प्रत एकच असते, आणि त्याचा कॉपीराइट सामान्यतः मुद्रण करवून घेणाऱ्याकडेच असतो. तेथे प्रश्न उरतो तो कलावंतांच्या प्रयोगकर्ता-हक्काचा, जो कायद्याने ५० वर्षे दिला आहे, व त्यांच्या संमतीचा. संमती हा केवळ औपचारिक भाग नव्हे. ज्यांचा शब्द आपण साठवतो त्यांना तो कोठे आहे हे ठाऊक असणे हा त्यांचा अधिकारच आहे. तात्पर्य, कायद्याचे कुलूप बहुतांशी त्या तबकड्यांवर आहे ज्यांच्या अन्य प्रती आहेत. ज्या एकमेव आहेत त्यांच्या आड कायद्याहून आपली दिरंगाईच अधिक येते.

७. व्यवहार्य क्रम

खर्चाचा आक्षेप नेहमी घेतला जातो. एकपदरी डीव्हीडीची क्षमता ४.७ जीबी. पाचशे डीव्हीडी पूर्ण भरलेल्या आहेत असे धरले तरी एकूण आशय २३५० जीबी होतो, म्हणजे ४ टीबीच्या एका हार्ड डिस्कवर मावतो. तीन प्रतींसाठी तीन हार्ड डिस्क. एखाद्या विभागाच्या वार्षिक तरतुदीत हे बसू शकते. हार्ड डिस्कही बिघडते हे खरे. परंतु तिच्यावरील हजारो तासांचा पाठ एका आज्ञेने पडताळता व दुसरीकडे नेता येतो, पाचशे तबकड्या मात्र एकेक करून घालाव्या-काढाव्या लागतात. तीन प्रतींपैकी एक दुसऱ्या इमारतीत, शक्यतो दुसऱ्या गावी असावी.

कामाचा क्रम ठरवताना संस्थेने स्वतः लिहिलेल्या, दुसरी प्रत नसलेल्या, लिखित संहिता नसलेल्या प्रयोगांच्या तबकड्या प्रथम घ्याव्यात. पुनर्लेखनक्षम तबकड्या, लेबल चिकटवलेल्या तबकड्या त्यांच्यापाठोपाठ याव्यात. चिकटलेले लेबल ओढून काढू नये. त्यासोबत थर निघण्याचा धोका असतो. वाचन अडखळल्यास दुसऱ्या बनावटीच्या ड्राइव्हवर प्रयत्न करावा, कारण एकाला न वाचता आलेला खंड दुसऱ्याला पुष्कळदा वाचता येतो आणि डीडीरेस्क्यूसारखे मुक्त सॉफ्टवेअर दोन्ही वाचनांतील चांगले खंड एकत्र जुळवते. पोथीच्या दोन खंडित प्रतींवरून एक पाठ सिद्ध करण्यासारखेच हे आहे. प्रतिमा तयार झाल्यावर चेकसम, वापरलेला ड्राइव्ह, न वाचलेले खंड, दिनांक व करणाऱ्याचे नाव नोंदवावे. पाहण्यासाठी एमपी-४ खुशाल करावी, परंतु ती 'वाचनप्रत' आहे अशी नोंद हवी. तिला मूळ समजू नये. मूळ तबकडीही फेकू नये. तिच्यावरील हस्ताक्षर, वेष्टन, क्रमांक हा बाह्य पुरावा आहे.

या कामाला मुदत आहे. तबकडी वाचणारे ड्राइव्ह लॅपटॉपमधून जवळजवळ नाहीसे झाले आहेत. सोनी कंपनीने फेब्रुवारी २०२५ मध्ये लिहिता येणाऱ्या ब्लू-रे तबकड्यांचे उत्पादन थांबवले. तबकडी शाबूत आणि वाचणारे यंत्र नाही, ही अवस्था दूर नाही. मोडी वाचणारे कमी झाल्यावर दप्तरांचे काय होते हे महाराष्ट्राला सांगण्याची गरज नसावी.

८. निष्कर्ष

१. तबकडी हे साठवणीचे माध्यम आहे, जतनाचे साधन नव्हे. दाखलपुस्तकातील नोंद जतनाचा पुरावा ठरत नाही.

२. तबकडीच्या दीर्घायुष्याचे आकडे विशिष्ट साठवणस्थितीवर अवलंबून आहेत. ती स्थिती आपल्याकडील बहुतेक महाविद्यालयीन संग्रहांत नसल्याने ते आकडे येथे गृहीत धरता येत नाहीत.

३. आशयाचे स्थलांतर करताना मूळ अंकीय प्रवाह अविकृत ठेवणे ही पाठनिष्ठा आहे. संकोचित रूपांतर हा पाठभेद आहे व तसा तो नोंदवला पाहिजे.

४. मुद्रणावर आधारित समीक्षेने मुद्रणाचे स्वरूप व पिढी नमूद करणे हा संशोधनशिस्तीचा भाग मानावा.

५. कॉपीराइट कायद्यातील 'अंकीय नसलेली प्रत' ही अट मूळ अंकीय कृतींच्या जतनाला बाधक असून तिचा पुनर्विचार आवश्यक आहे.

६. लिखित संहिता नसलेल्या प्रयोगरूपांच्या एकमेव तबकड्यांना सर्वत्र प्रथम क्रम द्यावा.

प्रस्तावनेत उल्लेखिलेल्या आख्यानाचा मिळालेला भाग आता तीन ठिकाणी आहे. त्याच्या नोंदीत 'अंत खंडित' असे लिहिले आहे. हस्तलिखितांच्या सूचीत हे शब्द आपण अनेकदा वाचतो आणि काळाला दोष देऊन पुढे जातो. या नोंदीपुरता तो दोष काळाचा नाही. तबकडी कपाटात होती, कपाट ग्रंथालयात होते, आणि तिची प्रत करण्यासाठी लागणारे साधन त्याच इमारतीत उपलब्ध होते.